तिसऱ्यांदा माणूस

"कुंभारखोरे."

फोनच्या पलीकडे नुसती खरखर होती. महिपती शेलारांनी रिसीव्हर कानाला तसाच धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या रजिस्टरात एक छोटं टिंब दिलं आणि पुन्हा नंबर फिरवला.

"कुंभारखोरे."

खरखरच. त्यांनी दुसरं टिंब दिलं, वेळ लिहिली आणि लगेच नेरवड केंद्राच्या ड्रायव्हरला फोन लावून सांगितलं, की मोटारसायकल काढ आणि कुंभारखोऱ्याला जाऊन बघून ये. नेरवड ते कुंभारखोरे म्हणजे घाटाचा रस्ता, अठरा किलोमीटर. तो ड्रायव्हर काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण शेलार शांतपणे म्हणाले, "चहा तिकडंच पी."

कंट्रोल रूममधला माझा तो तिसरा दिवस. मी पुण्याहून आलेलो, वय एकोणतीस, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. मी म्हटलं, हवालदार, पाच मिनिटं थांबून परत लावला असता तर लागलाही असता, उगाच एका माणसाला घाटातून पिटाळलंत.

"साहेब, दोनदा हाक मारायची," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा माणूस पाठवायचा. पोलीस वायरलेसला चौतीस वर्षं हेच केलं. जो ओरडतो त्याच्याकडं कुणी ना कुणी जातंच. गप्प बसलेल्याकडं आपण जायचं."

तासाभराने निरोप आला. कुंभारखोऱ्याचा ड्रायव्हर बबन झोरे याने आपला मोबाइल चार्ज करायला सर्व्हरची पिन काढली होती आणि परत लावायची विसरला होता. सगळे हसले, मीही हसलो. शेलारांनी शेवटच्या रकान्यात उत्तर मिळाल्याची वेळ लिहिली, पट्टीने रेघ मारली आणि रजिस्टर मिटलं.

आमची संस्था डोंगरी तालुक्यांत रुग्णवाहिका चालवायची. अकरा केंद्रं. प्रत्येक केंद्रात एक गाडी, एक ड्रायव्हर, एक नर्स आणि कोपऱ्यात एक छोटा सर्व्हर. त्या खोऱ्यातल्या कुणी मदतीचा नंबर फिरवला की फोन आधी त्या सर्व्हरवर यायचा आणि तिथून ड्रायव्हरला मिळायचा. सर्व्हर बंद पडला तर गाडी दारात उभी असूनही नसल्यासारखीच. या अकरांवर नजर ठेवायची खोली साताऱ्यात होती. तिथे फोनवर बसणाऱ्या दोन मुली होत्या, मी होतो, आणि निवृत्तीनंतर संस्थेने देखरेखीला ठेवलेले शेलार हवालदार होते. सकाळी आठला आणि दुपारी चारला ते अकराही केंद्रांची हजेरी घ्यायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि फोन करायचे तेही ड्रायव्हरच्या मोबाइलवर नाही, तर आजारी माणूस ज्या नंबरवर करील त्याच नंबरवर.

मला बोलावलं होतं ते वेगळ्या दुखण्यासाठी. प्रत्येक सर्व्हर आपापली गाऱ्हाणी स्वतंत्रपणे एसएमएसने पाठवायचा. बॅटरी उतरली, डिस्क भरली, नेट हळू झालं. अकरा सर्व्हरांचे मिळून दिवसाला दोन-अडीचशे एसएमएस. रोज मरे त्याला कोण रडे, तशी गत होती. मुलींनी फोनचे आवाजच बंद करून टाकले होते. संस्थेचे संचालक डॉक्टर अच्युत शेणोलीकर मला म्हणाले, "बागवे, मला एकच गोष्ट दिसली पाहिजे. आपण ठीक आहोत की नाही."

मी ते करून दिलं, आणि झकास करून दिलं. दर पाच मिनिटांनी माझा प्रोग्राम अकरा सर्व्हरांकडून माहिती गोळा करायचा, किती ठीक आणि किती बिघडलेले ते मोजायचा, आणि भिंतीवर टांगलेल्या मोठ्या टीव्हीवर एकच रंग आणि एकच आकडा दाखवायचा. ऐंशी टक्क्यांच्या वर हिरवा, खाली पिवळा, साठच्या खाली लाल. एसएमएस बंद झाले. मुलींनी मला पेढे दिले.

अडचण एकच होती. डोंगरात नेट पाच-दहा मिनिटं जातं आणि आपलं आपण परत येतं. तेवढ्या वेळात तीन सर्व्हर गप्प झाले की टीव्ही पिवळा, पाच झाले की लाल. मुंबईहून देणगीदार येणार होते त्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून तीनदा असं झालं. शेणोलीकर दारात उभे राहून म्हणाले, ही होळी बंद करा. मी खुर्चीवर बसलो आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. ज्याच्याकडून माहिती आली नाही त्याला मोजायचंच नाही. जे बोलतात त्यांच्यातच टक्केवारी काढायची. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी देणगीदारांसमोर टीव्हीवर दिवसभर शंभर टक्के होते. मला शाल आणि नारळ मिळाला. शेलार एका बाजूला हात मागे बांधून टीव्हीकडे पाहत उभे होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला विचारलं, "साहेब, आणि जो बोलतच न्हाई, त्याचं यात काय होतं?"

"ते बघतो मी," मी म्हटलं. बघायचं मनात होतंही. नंतर राहून गेलं.

बरोबर चार वाजता त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पाहुण्यांच्या देखत खणखणीत आवाजात हजेरी सुरू केली. तळसर, नेरवड, वाघदरे. शेणोलीकरांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी मला माझ्याचसाठी वाटली. एवढा खर्च करून यंत्रणा बसवली आणि शेजारी म्हातारा फोन करतोय, म्हणजे यंत्रणेवर विश्वास नाही असाच त्याचा अर्थ. पाहुणे गेल्यावर मी शेलारांना व्हरांड्यात नेलं आणि उद्यापासून हजेरी बंद करायला सांगितली. फोन करायचे नाहीत, टीव्ही बघायचा.

"लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

"लेखी कशाला? मी सांगतोय ना."

"मग रजिस्टरात सही तरी करा."

मी हसलो. उद्या करतो म्हणालो. त्यांनी फार ताणलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पानाच्या तळाशी दोनच शब्द लिहिले, 'हजेरी बंद'. कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाही. सहीशिवाय दुसऱ्याचं नाव हुकुमाखाली घालायचं नाही, ही त्यांच्या खात्यातली शिस्त. सही मागायला ते पुन्हा एकदा आले होते. मी फोनवर होतो, हातानेच नंतर म्हणून खूण केली.

त्याला दहा आठवडे झाले असतील. एका शनिवारी कुंभारखोऱ्याच्या केंद्रात उंदराने सर्व्हरची वायर कुरतडली. बबनला ते कळायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की फोन येत नाहीये. आणि कुंभारखोऱ्यात दोन-दोन दिवस फोन येत नाही हे नेहमीचंच. साताऱ्याला टीव्हीवर हिरवा रंग होता. उरलेले दहाच्या दहा ठणठणीत होते, म्हणून शंभर टक्के. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी सकाळी साडेदहाला खोऱ्याच्या वरच्या धनगरवाड्यावर मंदा कोकरे नावाची तेवीस वर्षांची बाई बाळंतपणात रक्तस्रावाने बेशुद्ध पडली. तिचा सासरा बाबू कोकरे मदतीचा नंबर फिरवत राहिला. नंतर टेलिफोन कंपनीच्या नोंदीत ते सगळं सापडलं. तेरा वेळा. अकराव्या फोननंतर वीस मिनिटांचा खंड आहे, तेव्हा तो बहुधा रेंज शोधत टेकडीवर चढला असावा. शेवटी फोन खिशात घालून तो चार किलोमीटर उतार पळत खाली आला. केंद्राच्या दारात रुग्णवाहिका उभी होती आणि बबन काच पुसत होता.

"फोन का उचलत न्हाईस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"फोन आलाच न्हाई, आजा," बबन म्हणाला.

हे मला बबननेच सांगितलं. गाडी वर जाऊन तिला घेऊन निघाली, पण मंदा घाटातल्या दुसऱ्या वळणावर गेली. पोटातलं मूलही गेलं. नर्स म्हणाली, तासभर आधी निघालो असतो तर.

दुपारी दोनच्या सुमाराला बबनचा फोन कंट्रोल रूममध्ये आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. शेलारांनीच घेतला. ऐकून झाल्यावर त्यांनी रिसीव्हर ठेवला, उठून टीव्हीपुढे गेले आणि बराच वेळ त्या हिरव्या रंगाकडे पाहत राहिले. मग त्यांनी कुंभारखोऱ्याचा मदतीचा नंबर लावला. दोनदा. रिसीव्हर त्यांनी माझ्या कानाशी धरला. नुसती खरखर होती.

मला काय झालंय ते त्या क्षणी कळलं. मी घाबरलो. बाई मेली याचं दुःख मला नंतर झालं, खोटं कशाला बोलू. आधी भीती वाटली. सगळे घरी गेल्यावर मी ती ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली, की एकही सर्व्हर गप्प झाला तर सगळा टीव्ही लाल झाला पाहिजे. त्यालाही दोन मिनिटंच लागली.

चौकशी आठ दिवसांनी झाली. संस्थेचे तीन विश्वस्त, शेणोलीकर, आणि टेबलावर शेलारांचं रजिस्टर. यंत्रणा नीट चालते का ते पाहू म्हणून त्यांनी तळसरच्या ड्रायव्हरला सर्व्हरची पिन काढायला सांगितलं. पाच मिनिटांत टीव्ही लालभडक झाला. विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे यंत्रणा बरोबर होती, बघणाऱ्याने बघितलं नाही. मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्ही फोनवर असतो, टीव्ही बघायचं काम हवालदारांचं. रंग कोणता होता, छातीठोक सांगता येणार नाही.

"दोन दिवस टीव्ही लाल होता आणि तुम्हाला दिसला नाही?" एका विश्वस्ताने शेलारांना विचारलं.

"हिरवा होता."

"आणि ही हजेरी? रोज घेत होतात, मग एकदम बंद केलीत. कंटाळा आला?"

"मला बंद करायला सांगितलं."

"कुणी? लेखी आहे?"

शेलार उभे होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आठ वाजता केंद्राला हाक मारताना जसे बसायचे, तसे ताठ. "बागवे साहेब," ते म्हणाले.

माझ्यापुढे एक कोरा कागद होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. माझं लग्न ठरलं होतं, पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत मुलाखत झाली होती, असं काय काय डोक्यात येऊन गेलं. त्यातलं एकही कारण त्या बाईपुढे टिकणारं नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. घड्याळाचा आवाज येत होता. साधारण दोन मिनिटं गेली असतील.

"बागवे साहेब," शेलार पुन्हा म्हणाले.

मी मूग गिळून बसलो. शेणोलीकरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, बागवेंना काही सांगायचं नाही असं दिसतं, आपण पुढे जाऊ. ज्यांनी जबाब दिले त्यांच्यावरून अहवाल लिहिला गेला. माझं नाव त्यात कुठेच आलं नाही, ना चांगलं ना वाईट.

विश्वस्तांनी शेलारांना, अजून काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. ते नाही म्हणाले. ते रजिस्टर आता कुणालाच नको होतं. ते त्यांनी उचललं, काखेत धरलं आणि जिना उतरून गेले. त्यांची नोकरी त्याच दिवशी संपली.

महिन्याभराने मीही संस्था सोडली. पुण्यातल्या कंपनीत लागलो आणि चांगला वर चढलो. शेकडो सर्व्हरांची तपासणी एका ठिकाणी आणायची असली की लोक मला बोलवायला लागले. मी पहिला नियम एकच सांगायचो, की जो बोलत नाही त्याला आधी आजारी समजा. नव्या मुलांना तो फार आवडायचा. कंपनीत त्या नियमाला माझंच नाव पडलं आणि मी ते पडू दिलं.

बारा वर्षांनी, मागच्या फेब्रुवारीत, खालच्या रिसेप्शनवरून फोन आला, की साताऱ्याहून एक बाई आल्यात, नाव उज्ज्वला शेलार सांगतात. मी तिला वर बोलावलं. पंचेचाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी. एसटीत कंडक्टर आहे म्हणाली, फलटण डेपोला होते, आता साताऱ्याला आलेय. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"बाबा गेले," ती म्हणाली. "सोळा तारखेला."

मी काहीतरी बोललो. अशा वेळी बोलतात ते. तिने ते ऐकून घेतलं आणि मग, कुणाची तक्रार करायची नाही अशा सपाट आवाजात, ती बारा वर्षांचं सांगत गेली. अहवालाची बातमी तालुक्याच्या पेपरात आली होती, नावानिशी. बाबू कोकरे साताऱ्याला येऊन त्यांच्या पायरीवर दिवसभर बसला होता. एकच विचारत होता, की हवालदार, तुम्ही तर रोज हाक मारायचा, त्या दोन दिवसांत का नाही मारली? बाबांनी त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, उत्तर दिलं नाही. त्यानंतर ते लग्नाकार्याला गेले नाहीत. सकाळचे आठ वाजले की हातातलं काम टाकून नुसते बसायचे. ती कितीदा म्हणाली, की बाबा, तुम्ही त्या साहेबाचं नाव सरळ सांगून टाका ना. तर म्हणायचे, "मी त्याच्या वतीनं बोलून काय उपयोग? त्यानं आपल्या तोंडानं बोलायला पाहिजे."

तिने पिशवीतून रजिस्टर काढून माझ्या टेबलावर उघडलं. ते ओळखायला मला वेळ लागला नाही. 'हजेरी बंद' हे शब्द होते त्याच्या पुढचं पान. पानावर एकच ओळ होती, चौकशीच्या तारखेची. केंद्राच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बागवे साहेब'. पहिली हाक, अकरा चाळीस, टिंब. दुसरी हाक, अकरा बेचाळीस, टिंब. त्याच्या पुढचा रकाना 'माणूस पाठवला'. तिथे वेगळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'उज्ज्वला'. शेवटचा रकाना उत्तराचा. तो रिकामा होता.

"जायच्या आठवड्यात लिहिलं हे," ती म्हणाली. "मला म्हणाले, रकाना भरून आण."

मी पेन घेतलं. रकाना बोटभर रुंद. त्यात मी बारीक अक्षरात लिहिलं, की हजेरी मी बंद करायला लावली, टीव्हीतली चूक माझी होती, ती मी मागाहून लपवली. खाली सही केली आणि वेळ घातली, अकरा वाजून वीस मिनिटं. एवढं लिहायला मला मिनिटही लागलं नाही. शेलारांनी माझ्याकडे सहीच तर मागितली होती.

तिने ते सावकाश वाचलं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने शाई वाळायची वाट पाहिली.

"बाबू कोकरे आहे अजून," ती म्हणाली. "ऐंशीच्या पुढं गेलाय, पण आहे. बाबांना त्याला हे वाचून दाखवायचं होतं. आज साताऱ्याहून चारला सुटणारी कुंभारखोरे गाडी माझीच आहे. मुक्कामी असते." तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही येताय?"

काचेपलीकडे माझी माणसं आपापल्या स्क्रीनपुढे बसली होती. अडीचला माझी मीटिंग होती. मला तो उतार दिसत होता, पळत आलेला म्हातारा दिसत होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून तोंड उघडायचं म्हणजे पहिला शब्द कोणता काढायचा ते सुचत नव्हतं.

उज्ज्वलाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. रजिस्टरचं पान उलटून तिने नव्या पानावर तारीख घातली, माझं नाव लिहिलं, त्याच्यापुढे एक छोटं टिंब दिलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली.